डावऱ्या मुठीचं पिस्तूल

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका, माझी सहाही घरं रिकामी आहेत आणि चाप ओढायला इथे कुणी नाही. ठाण्याच्या सरकारी शस्त्रखोलीत, खालून दुसऱ्या फळीवर, भिंतीच्या बाजूने तिसरा तो मी. शेजारी दोन तलवारी आहेत, पण गंज चढल्यापासून त्या कुणाशी बोलत नाहीत. तेव्हा म्हटलं, तुमच्याशीच चार शब्द बोलावेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्यापायी आजवर एकही माणूस मेलेला नाही. मडकी मात्र पुष्कळ फुटली आणि एकदा एका फळीच्या चिरफळ्या झाल्या. लढायांच्या कहाण्या हव्या असतील तर तुम्ही चुकीच्या फळीपाशी आलात. माझी कहाणी हातांची आहे. मला माणसाचा चेहरा फारसा कळत नाही, तळहात कळतो. घट्टा कुठे आहे, अंगठा किती दाबतो, करंगळी टेकते की लोंबते, यावरून हा माणूस दिवसभर काय करत असेल ते ओळखायचं, ही माझी जुनी खोड. ओळखता आलं नाही तर मला चैन पडत नाही.

माझा जन्म विलायतेतला, बर्मिंगहॅम गावातला. तिथे नळी एकाने केली, चक्री दुसऱ्याने, आणि मूठ बसवली ती एका म्हाताऱ्या कारागिराने. अक्रोडाच्या लाकडाच्या दोन फळ्या, मधे एक मळसूत्र. म्हातारा प्रत्येक पिस्तूल आपल्या उजव्या हातात धरून बघायचा. डाव्या फळीवर त्याने अंगठा विसावेल असा खळगा कोरला, खळग्याखाली एक गुबगुबीत उंचवटा ठेवला, आणि उजव्या फळीवर बोटांसाठी वळणं काढली. त्याच्या हाताला छान बसलं म्हणजे साऱ्या जगाच्या हाताला बसणार, अशी त्याची ठाम समजूत होती. तीच समजूत घेऊन मी जहाजात बसलो.

काडतुसं भरायला माझ्या चक्रीमागे एक लहानसं दार आहे. ते उजव्या अंगाला. माझा पहिला मालक एक गोरा साहेब होता. मुंबईत सहा वर्षं त्याने मला जवळ ठेवलं, बहुतेक वेळ टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून. कधी निशाण मारायची लहर आलीच, तर तो उजव्या हाताने बार काढायचा. मग भरायची वेळ आली की मला डाव्या हातात द्यायचा, उजव्या हाताने दार उघडायचा, काडतुसं घालायचा आणि मला पुन्हा उजव्या हातात घ्यायचा. एवढी हातापालट कशासाठी, असं मला दर वेळी वाटायचं. पण मोठ्या माणसांना विचारायचं कसं?

साहेब मायदेशी परतला आणि मी एका सरकारी खात्यात जमा झालो. खाडीकाठच्या मिठागरांवर पहारा ठेवणारं ते खातं. नाव सांगत नाही, मी अजून त्यांचं मीठ खातो. तिथे मला कोपरीच्या लिओनार्ड परेराच्या हाती देण्यात आलं.

लिओनार्ड खाडीवरचा नाकेदार होता. वय तिशीचं. मिठाच्या होड्या अडवायच्या, परवाना बघायचा, बिनपरवान्याचं मीठ असेल तर वरती कळवायचं, हे त्याचं काम. घरी थोडी भातशेती, एक होडी, बायको सेसिलिया आणि पाच वर्षांची मुलगी क्लारा.

त्याचा उजवा हात माझ्या मुठीवर पडला आणि मी बुचकळ्यात पडलो. मऊ हात! मधल्या बोटावर टाकाची शाई, बाकी घट्टा म्हणून नाही. खाडीवरचा माणूस आणि असा हात? अंगठा खळग्यात बरोबर गेला, पण परक्याच्या घरी पाटावर बसावं तसा अवघडून बसला. मग भरण्यासाठी त्याने मला डाव्या हातात घेतलं. अहाहा! वल्ह्याचे घट्टे, जाळ्याच्या दोरीने कापलेल्या रेघा, दगडासारखा अंगठा. एकाच माणसाला दोन माणसांचे हात कसे, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं नाही.

ते सुटलं घरी, खुंटीवरून. पानं मांडली होती, भात आणि बोंबलाचं कालवण. क्लाराने डावा हात भाताकडे नेला, तसा लिओनार्ड उठला, एक फडकं घेतलं आणि पोरीचं डावं मनगट पाटाच्या पायाला बांधून टाकलं. रोजचंच असावं, कारण पोर रडलीसुद्धा नाही. उजव्या हाताने भात चिवडत बसली. निम्मा भात खाली सांडला.

"अवो क्लाराचे बापूस," सेसिलिया म्हणाली, "पोर हाय ती, वासरू नाय. कशाला बांधता?"

"मना पण बांधलेला," लिओनार्ड म्हणाला. "घरात आयने, शाळेत पाद्रीने. पट्ट्या खाल्ल्यान् मी बोटांवर. आता बांधला तर मोठेपणी हसणार नाय कोण तिला."

म्हणजे गडी डावरा होता तर! लिहायचा उजव्याने, जेवायचा उजव्याने, क्रूस काढायचा उजव्याने. पण खाडीत गेला, की जिथे बघायला कुणी नाही तिथे, सगळं डाव्याने. खरं सांगतो, मला ते थोडं ओंगळ वाटलं. मी उजव्या हातासाठी घडलेला होतो ना! मला वाटायचं, लिओनार्डने आणखी थोडा नेट लावावा, जमेल.

जमलं नाही. खात्याचा नियम असा, की प्रत्येक नाकेदाराने वर्षातून एकदा साहेबापुढे निशाण मारून दाखवायचं. वीस पावलांवर एक फळी, फळीवर ताटाएवढं काळं वर्तुळ. सहा बार काढायचे, चार तरी वर्तुळात लागले पाहिजेत. मग रिकामी काडतुसं काढून पुन्हा सहा भरून दाखवायची. लिओनार्डने मला उजव्या हातात धरलं, डावा डोळा मिटला आणि सहा बार काढले. एक वर्तुळात लागला. एक फळीला चाटून गेला. बाकीचे कुठे गेले ते त्या खाडीलाच ठाऊक.

शस्त्रखोलीचा विठ्ठल हवालदार तिथेच उभा होता. जाडजूड मिशा, तोंडात सदा सुपारी. "नाकेदार," तो म्हणाला, "फळी तिकडे होती, बरं का."

सगळे हसले. साहेब हसला नाही. महिन्याने पुन्हा परीक्षा घेतो म्हणाला, आणि तेव्हाही चार लागले नाहीत तर खाराघोड्याच्या रणात बदली. खाराघोडा म्हणजे कुठे, तर गुजरातेत, जिथे मीठ आहे आणि मिठाशिवाय काही नाही. होडी नाही, खाडी नाही, कोपरीचं चर्च नाही. सेसिलिया आणि क्लाराला तिथे न्यायचं कसं आणि इथे ठेवायचं कुणाच्या भरवशावर? त्या संध्याकाळी लिओनार्डने मला खुंटीला टांगलं तेव्हा त्याचे दोन्ही हात गार पडले होते.

सरावाला बारा काडतुसं मिळाली. बाराच. पहिल्या रविवारी चर्चमधली मिसा-प्रार्थना झाल्यावर नवरा-बायको खाडीच्या चिखलात गेले. तिवरांच्या कडेला सेसिलियाने बांबूवर एक गळकं मडकं पालथं घातलं. लिओनार्डने उजव्या हाताने चार बार काढले. मडकं जागचं हललं नाही.

"त्या हातान् मारा ना!" सेसिलिया ओरडली. "वल्हं ज्या हातान् मारता, त्या हातान्!"

"लोक काय बोलतील?"

"इकडं लोक हायेत कुठं? बगळं हायेत."

लिओनार्डने इकडे तिकडे बघितलं आणि मला डाव्या हातात घेतलं. काय ती पकड! मला वाटलं, आता मडकं गेलंच. पण चारही बार मडक्याच्या उजवीकडून गेले, चारही एकाच ठिकाणून. आणि का गेले ते मला कळत होतं. म्हाताऱ्या कारागिराने ठेवलेला तो गुबगुबीत उंचवटा आता लिओनार्डच्या बोटांखाली येत होता. चाप ओढताना तो उंचवटा बोटांना रेटायचा आणि माझं तोंड उजवीकडे वळायचं. त्याचा अंगठा बिचारा बोटांच्या वळणांवरून घसरत होता. दोष माणसाचा नव्हता. दोष माझ्या मुठीचा होता. इतकी वर्षं ज्या मुठीचा तोरा मिरवला, तिचीच मला त्या दिवशी लाज वाटली.

लिओनार्ड चिखलातच बसला. "दोनी हात निकामी माझं," तो म्हणाला.

सेसिलिया मात्र माझ्याकडे बघत होती. तिने मला हातात घेतलं, फिरवलं, उंचवट्यावरून अंगठा फिरवला. तिचा हात उजवा, कोयत्याच्या घट्ट्यांचा, आणि फार हुशार.

"विळ्यासारका हाय हा," ती म्हणाली. "आठवतंय? कापणीला तुमी दोन पेंढ्या कापायचात तवर माझ्या धा व्हायच्या. मग कल्याणच्या काळुरामान् डावरा विळा करून दिलान्. उलट्या दात्यांचा. मग कोण मागं ऱ्हायलं?"

"विळा येगला. हा सरकारचा हाय."

"मूठ सरकारची. हात तर तुमचा हाय ना?"

चार काडतुसं उरली होती. दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर होडी कल्याणच्या बंदराला लागली.

काळुराम सुतार बंदराच्या वरच्या अंगाला, होड्यांच्या डागडुजीचं काम करायचा. वल्ही, विळ्याकोयत्यांच्या मुठी, नांगराचे दांडे, माणसाच्या हातात येईल ते सगळं तो करी. पिस्तूल त्याने आयुष्यात हातात धरलं नव्हतं. बायको मालन दारातूनच ओरडली, "अहो, ते घरात आणू नका हां!"

"रिकामं आहे गं," काळुराम म्हणाला, आणि मला घेऊन ओसरीवर बसला. त्याने मला कुठेही न दाबता असं काही चाचपलं, की मला गुदगुल्या झाल्या. मग माझ्याकडे न बघता त्याने लिओनार्डच्या हाती एक लांब पट्टी दिली. "ही सरळ आहे का बघा बरं."

लिओनार्डने पट्टी डोळ्यापाशी धरली, एक डोळा मिटला आणि कडेकडेने नजर लावली. "मधे थोरीशी वाकडी."

"ते मला ठाऊक आहे. तुम्ही कुठला डोळा मिटलात?"

लिओनार्ड विचारात पडला. "उजवा."

"आणि निशाण मारताना कुठला मिटता?"

"डावा. हवालदारान् तसंच शिकवलेलं."

"म्हणजे जो डोळा बघतो तोच मिटून टाकता," काळुराम म्हणाला. "मग गोळी तरी काय करील?"

सेसिलिया कपाळाला हात लावून हसली. लिओनार्डही हसला, परीक्षेनंतर पहिल्यांदा. मी तर थक्क झालो. हात डावा असतो हे मला कळलं होतं, पण डोळाही डावा असतो हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

काळुराम मला उलटं सुलटं करत होता. त्याने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला आपल्या डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताने खोटी खोटी काडतुसं भरली. मग मला उजव्या हातात घेऊन तेच करायला गेला, ते जमेना. त्याची बोटं एकमेकांत अडकली.

"गंमत आहे," तो म्हणाला. "हे दार डावऱ्या माणसाचं आहे."

"म्हंजे?"

"बघा ना. डाव्याने मारणाऱ्याने हे हातातून सोडायचंच नाही. उजवा हात मोकळा, त्याने उघडा, भरा, मिटा. उजव्याने मारणाऱ्याला मात्र ह्या हातातून त्या हातात नाचवत बसावं लागतं. मूठ करणारा उजवा होता, पण दार बसवणारा नक्की डावरा असणार. एकमेकांशी बोलले नाहीत दोघं."

त्या म्हाताऱ्याच्या कारखान्यात कोण डावरा होता, कुणास ठाऊक. काळुरामचा तर्क खरा की खोटा, हेही मला सांगता येत नाही. पण मला सहा वर्षं पडलेलं हातापालटीचं कोडं कल्याणच्या एका ओसरीवर सुटलं. ज्या डाव्या हाताला मी नाक मुरडत होतो, त्याच हातासाठी माझ्या अंगात एक दार जन्मापासून होतं. मला इतका आनंद झाला, की ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

"मालन," काळुरामने हाक मारली, "तांदळाच्या पिठाची घट्ट उकड काढ, मूठभर."

"भाकऱ्या करायच्यात मला!"

"एक भाकरी कमी कर."

त्याने माझं मळसूत्र काढलं, अक्रोडाच्या फळ्या उतरवल्या आणि उघड्या लोखंडाभोवती कोमट उकड थापली. पिस्तुलाला उकड थापलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. "आता डाव्या हातात धरा," तो लिओनार्डला म्हणाला. "निशाण मारायचं म्हणून नको. होडी वल्हवायची आहे असं समजा."

लिओनार्डने धरलं. उकडीत त्याचा अंगठा रुतला, बोटं रुतली, वल्ह्याचा घट्टासुद्धा उमटला. काळुरामने तो ठसा पुढे ठेवून बाभळीच्या लाकडातून दोन नव्या फळ्या कोरल्या. दर थोड्या वेळाने लिओनार्डला धरायला लावी, कुठे टोचतं विचारी, तिथे कानशीने घाशी. भरती ओसरली, ओहोटी लागली, तरी त्याचं घासणं चालूच. शेवटी लिओनार्ड म्हणाला, "आता कुठंच कळत नाय."

"कळत नाही ना? मग झाली मूठ," काळुराम म्हणाला.

अक्रोडाच्या जुन्या फळ्या सेसिलियाने रुमालात बांधून घेतल्या. सरकारचा माल, हरवला तर पंचाईत.

उरलेल्या चार काडतुसांत तीन मडकी फुटली.

परीक्षेच्या दिवशी ऊन कडक होतं आणि साहेब उपाशी. लिओनार्डने मला उजव्या कमरेच्या म्यानातून उजव्या हाताने काढलं. त्याचं काळीज त्याच्या तळहातात वाजत होतं, मला ते ऐकू येत होतं. आता हा घाबरून तसाच उजव्याने मारणार, अशी मला भीती वाटली. तो क्षणभर थांबला. मग त्याने सगळ्यांच्या देखत मला डाव्या हातात घेतलं आणि उजवा डोळा मिटला.

"अहो नाकेदार!" विठ्ठल हवालदार ओरडला. "तो कुठला हात?"

"माझा," लिओनार्ड म्हणाला आणि बार काढला.

सहांतले पाच वर्तुळात लागले. मग तो उजव्या हाताने भरू लागला. मी डाव्या हातातून हललोसुद्धा नाही. हवालदार आकडे मोजत होता. इतर नाकेदारांना तीस लागायचे. तो विसावर आला तेव्हा माझं दार मिटलं होतं.

हवालदाराने मला हातात घेतलं मात्र आणि तो किंचाळलाच. "साहेब, मूठ बदलली! सरकारी माल बिघडवला!" लिओनार्डचा चेहरा उतरला असावा. त्याने खिशातून रुमाल काढला, अक्रोडाच्या फळ्या पुढे केल्या. एका मळसूत्राचं काम आहे, आत्ता पूर्ववत करून देतो, म्हणाला.

साहेबाने मला आपल्या उजव्या हातात धरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "टोचता है," तो आपल्या मोडक्या भाषेत म्हणाला. मग डाव्या हातात धरलं, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "हवालदार, तू भोकं मोज. हात मोजायला मी आलो नाही." आणि लिओनार्डकडे वळून म्हणाला, "मागल्या खेपेला हा हात का नाही काढला?"

"लाज वाटली, साहेब," लिओनार्ड म्हणाला.

साहेब हवालदाराकडे वळला. चिठ्ठी बांधून ठेवा, म्हणजे हे दुसऱ्या कुणाला जाणार नाही, एवढं सांगून तो न्याहारीला गेला. हवालदाराने सुपारी चघळत मोडी लिपीत 'डावरं' असं लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या कडीत अडकवली. लिओनार्डची बदली टळली.

त्या दुपारी घरी पानं मांडली होती. क्लारा आपणहून डावा हात पाटाच्या पायाशी नेऊन बसली, बांधून घ्यायला. लिओनार्ड फडकं हातात घेऊन तिच्याजवळ उकिडवा बसला. मग त्याने ते फडकं चुलीत टाकलं.

"बा, आज बांधायचा नाय?" क्लाराने विचारलं.

"नाय गो. जेव कशानंपण."

पोरीने आधी आईकडे बघितलं, मग हळूच डाव्या हाताने घास घेतला. एक शीत सांडलं नाही. लिओनार्ड तिच्याकडे बघत राहिला, आणि माझ्या खुंटीवरून मला स्पष्ट दिसलं, त्याच्या पानावरचा भात तसाच होता. सेसिलियाने त्याच्या पानात आणखी एक बोंबील वाढला.

पुढे तेरा वर्षं मी त्या हातात काढली. बाभळीच्या मुठीला त्याच्या घामाने तकाकी आली. माणसावर रोखायची वेळ कधी आली नाही, याचं आम्हा दोघांनाही बरं वाटे. मग त्याची नजर मंदावली, आणि एके दिवशी तो मला जमा करायला शस्त्रखोलीत आला. बरोबर क्लारा होती. अठरा वर्षांची, शाळेत शिकवू लागलेली. विठ्ठल हवालदार तोच, मिशा पांढऱ्या झालेल्या. माझी जुनी चिठ्ठी कसरीने खाल्ली होती, नवी लिहायची होती. लिओनार्डला अक्षर दिसेना, म्हणून तो म्हणाला, "ही लिवील."

हवालदाराने कागद पुढे सरकवला आणि दौत नेहमीप्रमाणे कागदाच्या उजवीकडे ठेवली. क्लाराने डाव्या हातात टाक घेतला. बापाचा श्वास थांबलेला मला कळला, कारण अजून मी त्याच्याच हातात होतो. हवालदाराने तिच्या हाताकडे बघितलं. सुपारी चघळायची थांबली. मग तो पुढे वाकला, दौत उचलली आणि डावीकडे ठेवली.

लिओनार्डने मला फळीवर ठेवलं, आणि त्याचा अंगठा माझ्या मुठीवर थोडा जास्त वेळ रेंगाळला.

त्यानंतर दोन-तीन नवे नाकेदार येऊन मला धरून गेले. मूठ वाकडी आहे, म्हणाले आणि परत ठेवलं. मला त्यांचा राग येत नाही, त्यांच्या हाताला मी खरंच टोचतो. अक्रोडाच्या फळ्याही इथेच, त्याच रुमालात आहेत. कुणी बसवल्या तर माझी तक्रार नाही. पण तुमच्या ओळखीत एखादा डावरा असेल, चारचौघांत हात लपवणारा, तर त्याला एकदा इकडे पाठवा. बार काढायला नको. नुसती मूठ धरून बघू दे. चिठ्ठीवर क्लाराचं अक्षर आहे, टपोरं, सुबक, किंचित मागे झुकलेलं. लगेच सापडेन.